रिंग आमची, राउटर त्यांचा

विषय ठरलाय तो ऑप्टिकल नोड, म्हणजे फायबरवरची उपकरणं, लॅनला जोडताना ओएसपीएफ (वाटा आपोआप शोधायची राउटरांची पद्धत) कसा लावायचा, हा. समोर बहुतेक ट्रान्समिशनची मंडळी आहात, तेव्हा रिंग (गोलाकार जोडलेले नोड), गेटवे नोड (रिंगमधला लॅनला जोडलेला नोड) हे जास्त समजावत बसत नाही. पण आधी चिपळूणची रात्र सांगतो, तिच्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

आमची एसडीएच, म्हणजे फायबरवरून ट्रॅफिक नेणारी, रिंग होती पुणे, सातारा, कराड, चिपळूण, महाड आणि परत पुणे. लक्ष ठेवायचं पुण्यातून. राउटरवर पाच स्टॅटिक रूट, म्हणजे हाताने लिहिलेल्या, आपोआप न बदलणाऱ्या वाटा, पाचही पुण्याच्या नोडमार्गे. जुलैत त्या नोडचा लॅन पोर्ट गेला आणि पाचही नोड पडद्यावरून गायब. ग्राहकांचा ट्रॅफिक व्यवस्थित चालू होता. फक्त आम्ही आंधळे झालो होतो. त्यात रात्री निरोप आला, चिपळूणला वीज गेलीय. बॅटरी किती उरली? कळायला मार्ग नाही. मी कराडला होतो. भर पावसात जीप काढून कुंभार्ली घाट उतरलो. पोचलो तर जनरेटर सुरू, नोडवर एक अलार्म नाही.

आणि ऐका, कराडच्या नोडलाही लॅनची केबल लावलेली होती! ते लॅन पुण्याला जोडलेलं होतं. वाट तयार होती, राउटरला कुणी सांगितली नव्हती. राउटर आयटीकडे, रिंग आमच्याकडे, आणि रूट बदलणारा माणूस रजेवर. त्या माणसावर माझा राग नाही. माणूस जागेवर असेल तरच वाट बदलते, अशी रचना केली कुणी? हा प्रश्न मी तेव्हापासून विचारतोय.

संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांना सर्वांत जवळच्या वाटेची रीत १९५६ मध्ये सुचली, अ‍ॅमस्टरडॅमच्या एका कॅफेत, वीसेक मिनिटांत, कागद-पेन्सिल न घेता. छापली १९५९ मध्ये. ओएसपीएफच्या पोटात तीच रीत आहे. इतकी जुनी, इतकी सोपी गोष्ट, आणि आपण घाट उतरतो!

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. भरभर सांगतो.

पुणे आणि कराड, दोन्ही गेटवेंच्या लॅन पोर्टवर ओएसपीएफ चालू करा. मग प्रत्येक नोडचा पत्ता राउटरला आपोआप कळतो आणि परतीची वाट नोडला कळते. स्टॅटिकमध्ये ही परतीची वाटच हमखास विसरली जाते. पुण्याची कॉस्ट, म्हणजे वाटेची किंमत, कमी ठेवा, कराडची जास्त; कमी किमतीची वाट आधी निवडली जाते.

डीसीसी, म्हणजे रिंगमधून नोडांच्या देखरेखीचा डेटा नेणारी वाट, अरुंद आहे. प्रत्येक फ्रेममधले डी१ ते डी३ हे तीन बाइट, सेकंदाला ८००० फ्रेम, म्हणजे १९२ केबीपीएस. त्यात ऑफिसचे सगळे रूट ओतू नका. रिंगला वेगळा स्टब एरिया (बाहेरचे रूट आत न घेणारा ओएसपीएफचा भाग) द्या, आत फक्त डिफॉल्ट रूट, म्हणजे ‘बाकी सगळं इकडून’ ही एकच वाट, सोडा. नोडचे लॅन पोर्ट वेगळ्या व्हीलॅनवर, म्हणजे त्याच स्विचवरच्या वेगळ्या लॅनवर, घ्या, नाहीतर ऑफिसचा ट्रॅफिक डीसीसीत शिरेल.

शेजार, म्हणजे राउटर आणि नोडची ओएसपीएफमधली ओळख, जुळत नसेल तर एरिया नंबर, सबनेट मास्क, टायमर आणि पासवर्ड दोन्हीकडे सारखे आहेत का ते पाहा. ओळखीच्या एक्सस्टार्ट या टप्प्याला अडकलं तर एमटीयू, म्हणजे पॅकेटचा कमाल आकार, तपासा. जुन्या काही नोडांत डीसीसीवर आयएस-आयएस ही वाटा शोधायची दुसरी पद्धत असते, ते आज राहू दे.

हे सगळं आयटीवाल्यांना शेजारी बसवून करा. मग भरदिवसा पुण्याच्या नोडची लॅन केबल काढा. मध्ये स्विच असेल तर राउटरला लगेच कळणार नाही. हॅलो, म्हणजे ‘मी आहे’ हा निरोप, १० सेकंदांचा; डेड, म्हणजे तो न आल्यास शेजारी गेला असं धरायची मुदत, ४० चा. घड्याळ लावून बसा, चाळिशीच्या आसपास चिपळूण कराडमार्गे दिसायला हवं.