आठवीतलं बीजगणित

(निवेदन)

[रात्र. बर्फाच्छादित गल्ली, एका घराची पेटलेली खिडकी.]

फेब्रुवारी. न्यू जर्सीतलं एडिसन. रस्त्याकडेचा बर्फ आता काळवंडलाय. आत जेवणाची ताटं बाजूला सरकवून टेबलावर लॅपटॉप उघडलाय. स्क्रीनवर शाळेची विषयांची यादी. अकरावीत काय घ्यायचं, ते शुक्रवारपर्यंत भरून द्यायचंय.

मुलगी दहावीत आहे. तिला बायोमेडिकल इंजिनियरिंग करायचंय. निदान या आठवड्यात तरी. आई-बाबा दोघंही महाराष्ट्रात बारावी सायन्स झालेले. त्यांच्या डोक्यातला हिशेब सोपा: इंजिनियरिंग तर मॅथ्स, मेडिकल तर बायो, आणि मन ठरत नसेल तर दोन्ही. दहावीचा निकाल लागायचा आणि त्याच जूनमध्ये काय ते ठरायचं. तोवर अख्खा वर्ग एकच गणित शिकायचा.

इथे तसा जून येत नाही.

यादीतल्या बऱ्याच नावांच्या आधी दोन अक्षरं आहेत: एपी. ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट. कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा विषय, पण हायस्कूलात बसून शिकायचा. कॉलेज बोर्ड नावाची संस्था १९५५पासून हे चालवते. परीक्षा मे महिन्यात, गुण १ ते ५, विषय चाळीसच्या आसपास. यादी वाचताना वाटतं, हॉटेलचं मेनू कार्डच हातात आलंय. हे द्या, ते नको.

गणिताच्या पानावर मात्र मेनू कार्ड संपतं आणि जिना सुरू होतो. बीजगणित १, भूमिती, बीजगणित २, प्रीकॅल्क्युलस, मग कॅल्क्युलस, म्हणजे कलन. वर्षाला एक पायरी. बारावीत कॅल्क्युलस हवं असेल तर उलट मोजत या. पहिली पायरी येते आठवीत. आणि आठवीत बीजगणित मिळणार की नाही, हे पुष्कळ शाळांत सहावी-सातवीतल्या गुणांवर आणि एखाद्या चाचणीवर ठरतं. अकरा-बारा वर्षांच्या पोराला तेव्हा विचारलं, की बाबा रे, तू पुढे इंजिनियर होणार का, तर ते काय सांगणार?

या घरात त्या वर्षी सामानाचे खोके होते. टेक्सासहून नुकतंच बिऱ्हाड हललं होतं. चाचणी कधी झाली, कुणाच्या लक्षातही आलं नाही. मुलीचं बीजगणित नववीत सुरू झालं, आता भूमिती चालू आहे. या चालीनं बारावीत ती प्रीकॅल्क्युलसपर्यंत पोचेल. कॅल्क्युलस एक पायरी वर राहील.

त्या एका पायरीला आणखी एक दार जोडलेलं आहे. एपीत फिजिक्सचा विषय एकच नाही. फिजिक्स १ आणि २ बीजगणितावर चालतात. फिजिक्स सी, म्हणजे यंत्रशास्त्र आणि विद्युत-चुंबकत्व, कॅल्क्युलसवर. इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला जे फिजिक्स असतं, ते या सीच्या जातीचं. नावं इतकी सारखी, की पालक 'फिजिक्स घेतलंय ना, झालं तर' म्हणून मोकळे होतात. कॉम्प्युटरचंही तेच. 'प्रिन्सिपल्स' हा तोंडओळखीचा विषय, 'कॉम्प्युटर सायन्स ए' म्हणजे जावा या भाषेत खरं प्रोग्रॅमिंग.

[पूर्व लॉस एंजेलिस. शाळेची जुनी इमारत.]

हा जिना कुणाला नीट दिसला असेल, तर हाइमे एस्कलान्ते यांना. बोलिव्हियाहून आलेले हे मास्तर गारफिल्ड हायस्कूलात शिकवायचे. वस्ती गरीब, बहुतेक मुलं मेक्सिकन वंशाची. १९८२मध्ये त्यांच्या १८ मुलांनी एपी कॅल्क्युलसची परीक्षा दिली. चौदा जणांवर कॉपीचा संशय घेतला गेला. बारा जण पुन्हा परीक्षेला बसले आणि बाराच्या बारा पास झाले. त्यावर सिनेमाही निघाला. पण सिनेमात मावत नाही असं एक काम होतं: गारफिल्डला मुलं पाठवणाऱ्या खालच्या शाळांनी बीजगणित आधीपासून शिकवावं, म्हणून एस्कलान्ते आणि मुख्याध्यापक त्यांच्या मागे लागले होते. उन्हाळ्यात जवळच्या कॉलेजात वर्गही भरायचे. बारावीतला चमत्कार असा आठवीत पेरलेला होता.

[पुन्हा टेबल.]

आईचा उपाय वेगळा आहे. "सायकॉलॉजी घे, एन्व्हायर्नमेंटल सायन्स घे, ह्यूमन जिऑग्रफी घे. चार तरी एपी होतील." तिचं चुकत नाही. साध्या विषयातल्या ए श्रेणीला ४ गुण, तर एपीतल्या ए श्रेणीला बऱ्याच शाळांत ५. आकडा फुगतो. पण इंजिनियरिंगच्या प्रवेशाला गणित-फिजिक्सची बाजू पाहिली जाणार. तिथे हे तीन विषय म्हणजे पंगतीत नुसत्या कोशिंबिरी.

आणि एपीच्या गुणांवर कॉलेजात क्रेडिट मिळेल, म्हणजे तो विषय झाला असं धरलं जाऊन फी वाचेल म्हणावं, तर ते कॉलेजागणिक बदलतं. इथून जवळच्या रटगर्स विद्यापीठात ४ किंवा ५ गुणांवर क्रेडिट मिळतं. डार्टमथ कॉलेजनं २०१४मध्ये आलेल्या मुलांपासून ते देणं बंद केलं. एमआयटी कॅल्क्युलसच्या 'बीसी' या वरच्या परीक्षेतल्या ५ गुणांना मान देते, केमिस्ट्रीतल्या ५ला नाही. डॉक्टर व्हायचं असेल तर आणखी पंचाईत: कित्येक मेडिकल कॉलेजं एपीची बायोलॉजी-केमिस्ट्री धरतच नाहीत. ती कॉलेजात पुन्हा करायची.

भाषेच्या रकान्यात स्पॅनिश आहे, चिनी आहे, जपानी आहे. रविवारच्या मराठी शाळेत सहा वर्षं जाऊन ही मुलगी जोडाक्षरं न अडखळता वाचते. त्याला एपी नाही.

बाबा इतका वेळ गप्प होते. ते आता वेगळं पान उघडतात. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कॉलेजातला उन्हाळी वर्ग: प्रीकॅल्क्युलस. तो अकरावीनंतरच्या सुट्टीत केला, तर बारावीत कॅल्क्युलस जमतं, आणि शाळेनं परवानगी दिली तर सोबत फिजिक्स सीही. वर्ग जून-जुलैत. नेमके तेच महिने, ज्यात दर दुसऱ्या वर्षी साताऱ्याला जायचं असतं.

मुलगी विचारते, "आणि मी मेजरच बदललं तर?"

विचारणं रास्त आहे. अमेरिकी शिक्षण खात्याच्या आकडेवारीनुसार मेजर, म्हणजे कॉलेजातला मुख्य विषय, ठरवलेल्यांपैकी साधारण ३० टक्के मुलं तीन वर्षांच्या आत तो बदलतात. टेबलापाशी त्यावर कुणी बोलत नाही.

नऊ वाजलेत. साताऱ्यात सकाळचे साडेसात. तिकडूनच फोन येतो, मुलगी तो स्पीकरवर टाकते.

"काय गं, जेवलीस का? आणि पुढच्या वर्षी येताय ना? आंबे संपायच्या आत या म्हणावं."

आई ताटं उचलायला लागते. स्क्रीनवर बीजगणित २ समोर खूण झाली आहे. खालची उन्हाळ्याची ओळ कोरी आहे.