आजीचं लुगडं, आठ दिवस

[दृश्य : पहाट. अंगणात सडा टाकणारे हात. फक्त पाण्याचा आवाज.]

गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत बुलेटवरून जाणाऱ्या मुली तुम्ही पाहिल्या असतील. डोळ्यांवर गॉगल, नाकात नथ, अंगावर नऊवारी. त्यांत दरवर्षी एक मी असते. आता खरं सांगते, ती नऊवारी मी नेसत नाही, घालते. शिवूनच घेतली आहे. सलवारीसारखे पाय घालायचे, नाडी आवळायची, पदराला पिन लावायची. पाच मिनिटांत मराठमोळी.

मागच्या पाडव्याचा फोटो आजीला दाखवला. तिनं मोबाइल हात लांब करून धरला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "छान दिसतीस. पर ह्याचा ओचा कुठाय गं?"

ओचा. पोटाशी खोचलेला निऱ्यांचा घोळ. माझ्या नऊवारीला तो नव्हताच. कपड्याची झाक तेवढी होती. म्हणून यंदा आठ दिवसांची रजा काढली आणि वाईजवळच्या आमच्या गावी आले. ठरवलं, आजी उठेल तेव्हा उठायचं, ती नेसते तेच नेसायचं.

[दृश्य : अंगणात वाळत घातलेली शिजवलेली हळद. लोखंडी पेटीतून निघणारं हिरवं इरकल.]

नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. हे लुगडं इरकली, म्हणजे कर्नाटकातल्या इळकल गावच्या विणीचं. अंग सुती, पदर लाल, त्यावर पांढरी नक्षी. अंगाचा ताणा, म्हणजे उभे धागे, आणि पदराचा ताणा वेगळा असतो. दोन्ही धागे एकमेकांत अडकवून जोडतात. आजीला यातलं काही सांगायला गेले, तर म्हणाली, "ते ऱ्हाऊ दे. आधी श्वास सोड, मग गाठ मार."

सगळी मेख त्या गाठीत. आत परकर नाही, नाडी नाही, पिन नाही. पोट आत असताना मारलेली गाठ जेवल्यावर काचते, सैल मारली तर दुपारपर्यंत टिकत नाही. पुढं निऱ्या, मग त्यांचं मधलं टोक दोन्ही पायांतून मागं नेऊन कासोटा खोचायचा. पहिल्या दिवशी चार वेळा सुटलं. एकदा तर एसटीच्या पायरीवर. मागच्या अनोळखी बाईंनी काही न बोलता माझा कासोटा असा ठासून खोचला, की मी जवळजवळ उचललीच गेले. बसमध्ये कुणी हसलंही नाही.

[दृश्य : आजी चिंचेखाली. ओच्यात चिंचा.]

तिसऱ्या दिवशी ओचा कळला. आजी परसात जाते तेव्हा पिशवी नेत नाही. चिंचा ओच्यात, चार वांगी ओच्यात, कोंबडीची अंडी ओच्यात. किल्ली आणि सुटे पैसे कनवटीला. माझ्या जीन्सला पाच खिसे आहेत आणि त्यांत एक अंडं मावत नाही.

कासोट्याचंही तसंच. उकिडवं बसा, शिडी चढा, गुडघाभर चिखलात भात लावा, पाय मोकळे. बारामतीच्या लता करे साठी ओलांडल्यावर नऊवारीत शर्यत धावल्या आणि जिंकल्या, तेव्हा सगळे लुगड्याकडे बघून अचंबा करत होते. आजीला अचंबा वाटला तो वयाचा. लुगड्यात पळता येतं, हे तिला सांगावं लागत नाही.

सगळंच उचलण्यासारखं नव्हतं, हेही सांगते. तंबाखूची मिशरी एकदा बोटभर लावून पाहिली आणि अर्धा तास ओट्यावर डोकं धरून बसले. आजीनं स्वतःही ती सोडलेली बरी, पण ते तिला कोण सांगणार?

[दृश्य : जुन्या लुगड्यावरची शिवण, अगदी जवळून.]

ही शिवण बघा. याला दांड म्हणतात. लुगडं बसण्याच्या जागी आधी विरतं. मग मधला विरलेला भाग काढायचा, दोन जुन्या लुगड्यांचे धड तुकडे जोडायचे आणि आणखी वर्षभर नेसायचं. तेही विटलं की गोधडीत. मी रात्री पांघरते त्या गोधडीत आजीची किमान तीन लुगडी आहेत. एक काठ तिनं ओळखला. "माझ्या धाकट्या जावंच्या लग्नातलं," म्हणाली आणि त्यावरून हात फिरवत राहिली.

[दृश्य : आठवा दिवस. आजी नेसते आहे.]

शेवटच्या दिवशी मी न अडखळता नेसले. आजीनं मागून फिरून बघितलं, काही दुरुस्त केलं नाही. मग ती स्वतः नेसायला लागली आणि कॅमेऱ्यातून मला पहिल्यांदाच दिसलं, की कासोटा मागं नेताना तिचा उजवा हात अर्ध्यावर थांबतो. खांदा धरलाय. डाव्या हातानं उजवा ढकलून ती तो मागं पोचवते. रोज.

"आजी, दुखतंय?"

"दुखतंय की." कासोटा खोचून ती वळली. "तुझं ते शिवलेलं, पाच मिन्टात हुतं म्हणलीस न्हवं?"

"हो."

"मग एक मलाबी शीव. पर ओचा ठेवायला सांग त्या शिंप्याला."

[दृश्य : शिंप्याचं दुकान. आजीच्या कमरेभोवती टेप. शिंपी वहीत आकडे लिहितोय, आजी दोन्ही हातांनी त्याला घोळ केवढा हवा ते दाखवतेय.]