वही उलटी धरली की औषधं सुरू

तर मंडळी, सतराव्या शतकातल्या इंग्लंडच्या खात्यापित्या घरांमध्ये स्वयंपाकाच्या आणि घरगुती औषधांच्या कृती हाताने लिहिलेल्या वह्या असायच्या, आणि त्यातल्या बऱ्याच आज लंडनच्या वेलकम कलेक्शनमध्ये नाहीतर वॉशिंग्टनच्या फोल्जर शेक्सपिअर लायब्ररीत आहेत, कितीतरी स्कॅन करून ऑनलाइन टाकल्यात, फुकट बघता येतात. काही वह्यांची गंमत अशी की पुढून उघडली की मुरंबे, पाय (pie), पुडिंग आणि उलटी करून मागून उघडली की खोकला, मूतखडा, पोटशूळ. दोन्ही कामं एकाच बाईची, एकाच चुलीवरची. साखर, दालचिनी, गुलाबपाणी इकडेही आणि तिकडेही.

मला विचाराल तर रेसिपीपेक्षा समास वाचा. रेसिपी कुणाकडून मिळाली त्याचं नाव तिथे असतं, अमुक लेडीकडून, तमुक डॉक्टरकडून, म्हणजे भरवसा कुणावर ठेवायचा याचा हिशोबच तो. पुढे कुणीतरी करून बघितलं असेल तर 'प्रोबाटुम एस्ट', म्हणजे सिद्ध झालेलं, असा लॅटिन शेरा. आणि जे जमलं नाही त्यावर सरळ काट. आई गेली की वही मुलीकडे, मग मुलीचं अक्षर सुरू, तीही आईच्या रेसिपीवर शेरे मारणार!

लेडी अॅन फॅनशॉची वही घ्या, १६५१ मध्ये सुरू झालेली, नंतर मुलीकडे गेलेली. नवरा स्पेनमध्ये राजदूत होता, त्यामुळे तिकडचं चॉकलेटही वहीत आलंय. आणि त्यातच इंग्रजीतल्या सगळ्यात जुन्या आइस्क्रीम रेसिप्यांपैकी एक आहे: तीन पाइंट चांगली साय, जायपत्री घालून उकळायची, किंवा संत्र्याच्या फुलांचं पाणी नाहीतर अंबर (देवमाशापासून मिळणारं सुगंधी द्रव्य) घालायचं, साखर घालून गार करायची, चांदीच्या किंवा कथलाच्या डब्यात भरायची आणि डबे दोन तास बर्फात पुरायचे. झालं. आता बर्फात मीठ कुठंय? नुसता वितळणारा बर्फ शून्याच्या खाली जात नाही, मीठ घातलं तरच जातो, साखर घातलेल्या सायीला त्याहून जास्त थंडी लागते, म्हणजे लिहिलंय तसं केलं तर गारेगार साय मिळेल, आइस्क्रीम नाही. मीठ लिहायचं राहिलं की ते तर सगळ्यांना माहीतच म्हणून सोडून दिलं, कोण जाणे. असल्या वह्यांमध्ये हे नेहमीचंच, हाताला येतं ते लिहीत कोण बसतो.

औषधांचं पान जरा घट्ट मन करून वाचा. क्षयावर गोगलगायींचं पाणी, म्हणजे गोगलगायी आणि गांडुळं धुवून, वनस्पतींबरोबर भट्टीत घालून काढलेला अर्क, आणि हे एखाद्या वहीत नाही, कितीतरी वह्यांमध्ये आहे. हसू येतं, पण मी सगळंच मोडीत काढणार नाही, आणि सगळ्यात विज्ञान शोधणाऱ्यांच्याही नादी लागणार नाही.

कारण विल्यम विदरिंगचं काय झालं बघा. १७७५ साली या डॉक्टरकडे एक घरगुती कृती मतासाठी आली, अंगाला पाणी भरून सूज येते त्यावरची, इंग्लंडमधल्या श्रॉपशर परगण्यातल्या एका म्हातारीने गुपित म्हणून जपलेली. वीस किंवा जास्तच वनस्पती होत्या त्यात! त्याने ओळखलं की काम करणारी एकच, फॉक्सग्लव्ह. पण ही विषारी, म्हातारीच्या औषधाने लोकांना जबरदस्त उलट्या जुलाब व्हायचे. मग तो पुढची दहा वर्षं किती द्यायचं, कधी थांबवायचं हे पेशंटगणिक टिपत बसला, फसलेल्या केसेससुद्धा, आणि १७८५ मध्ये पुस्तक काढलं. हृदयावरचं डिजिटॅलिस ते हेच. कृती घरातली, मात्रेचा हिशोब त्याचा, दोन्ही लागलं.

लेडीची नावं समासात लिहिणाऱ्या त्या काळात म्हातारीचं नाव मात्र विदरिंगने कुठेच दिलेलं नाही. आज तुम्हाला कुणी 'मदर हटन' असं नाव सांगेल, चित्रसुद्धा दाखवेल, तर ते १९२८ च्या एका औषध कंपनीच्या जाहिरातीतून आलंय.