खाडा आणि केसपेपर

मंडळी, भुकेवर बोलायचं ठरलं तेव्हा संयोजकांनी विचारलं, "म्हणजे बालकुपोषणावरच ना, डॉक्टर?" त्यांचं चुकलं नाही. कुपोषण म्हटलं की आपल्याला मेळघाट आठवतो, अंगणवाडीतला वजनकाटा आठवतो. पण त्या काट्यावर मूल ठेवणाऱ्या आईचं वजन कोण करतं? बापाचं तर सोडाच. कमावत्या माणसाच्या भुकेची नोंद दोनच ठिकाणी होते आणि तीही दुसऱ्या नावाने. हजेरीच्या वहीत ती 'खाडा' होते, आमच्या केसपेपरवर 'औषधे अनियमित'. माझं सगळं आयुष्य या दुसऱ्या कागदावर लिहिण्यात गेलं. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

माझ्या दवाखान्यात शुगरची एक बाई यायची. पन्नाशीची, खुरपणीला जाणारी. दर वेळी शुगर तीनशेच्या पुढे. मी गोळ्या वाढवत गेलो. एके दिवशी म्हटलं, मावशी, घरातली सगळी औषधं घेऊन या. तिने टेबलावर पिशवी पालथी केली. ग्लिमेपिराइडच्या सात पट्ट्या, एकीला एक जोडून रबर लावलेल्या, आणि प्रत्येकीत गोळ्या शिल्लक. मी म्हणालो, "अहो, घेत का नाही तुम्ही?" ती म्हणाली, "घेते की. भाकर खाल्ली तर घेते. खाल्ली नाही अन् घेतली, की हातपाय लटलटतात, घाम सुटतो. एकदा रानातच पडले. मुकादमीण म्हणाली, उद्यापासून येऊ नको."

ही गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते. पोटात भाकरी आहे की नाही, ते ती बघत नाही. पोट रिकामं असेल तर साखर झपकन खाली येते आणि माणूस कोसळतो. म्हणजे बाईचं गणित बरोबर होतं. माझ्याच हाताने लिहिलेलं चूक होतं. तिच्या केसपेपरवर मी तीनदा लिहिलं होतं, 'औषधे नियमित घेत नाही'. त्याच्या पुढे एकदाही 'का' लिहिलं नव्हतं. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे.

न जेवण्याचे तिचे दिवस कोणते, हे मग विचारलं. बहुतेक महिनाअखेरचे. रेशनचं धान्य संपलेलं आणि खुरपणीचा हप्ता हातात यायचा असलेला. पुढे माझ्या वाचनात अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातला एक अभ्यास आला. तिथल्या रुग्णालयांच्या २००० ते २००८ या काळातल्या नोंदी तपासल्या होत्या. गरीब वस्त्यांमधून साखर उतरून दाखल होणाऱ्यांचं प्रमाण महिन्याच्या पहिल्या आठवड्यापेक्षा शेवटच्या आठवड्यात २७ टक्क्यांनी जास्त होतं. सधन वस्त्यांमध्ये असा फरक दिसला नाही. इतका श्रीमंत देश, पण महिनाअखेर तिथेही येते आणि ती रक्तात दिसते.

आता हजेरीच्या वहीकडे येतो. बीड, धाराशिव, जालना, नगरकडची माणसं दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला परततात. आपल्याला हे माहीत आहे, म्हणून आपण ते बघत नाही. 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायको दोघं. एक तोडतो, दुसरी मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीत भरते. उचल आधीच घेऊन झालेली असते, टनाटनाने ती फेडायची. त्यातलं एक जण आजारी पडलं तर दोघांचं काम थांबतं. त्या दिवसाचं टनेज जातं आणि वर खाड्याचा दंड, ५०० रुपये, कुठे १,००० रुपयेसुद्धा. बाईने अंगावरून जातंय म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात जायचं ठरवलं, तर जाण्यायेण्याचं भाडं वेगळं. सरकारी दवाखान्यात उपचार फुकट आहेत, असं आपण म्हणतो. या जोडप्याला तो फुकटचा दवाखाना दोन दिवसांच्या कमाईएवढा पडतो. मग ते जात नाहीत. मेडिकलवरून एक दुखणं मारायची गोळी घेतात आणि तीही बऱ्याचदा उपाशीपोटी.

हा खर्च भरून कुठून काढतात? ताटातून. घरात ओढाताण सुरू झाली की आधी दूध जातं, मग डाळ पातळ होते, मग भाजीच्या जागी ठेचा येतो. पीठ कमी पडायला लागलं की ते कमी पडतं फक्त बाईला, कारण शेवटी जेवते ती. पहाटे तीनला उठून तीन दगडांच्या चुलीवर तिने भाकरी थापलेल्या असतात. नवऱ्याच्या आणि पोरांच्या फडक्यात बांधून झाल्या की टोपलीत काय उरलं ते तिचं. मी कोपीत, म्हणजे तोडणाऱ्यांच्या झोपडीत, बसून हे पाहिलं आहे. एक भाकरी आणि पाणी घेऊन ती उसाच्या फडात उतरली, तेव्हा उजाडलंही नव्हतं.

हिशोब मांडून बघू. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं आणि आता ते मोफत आहे. मोठी गोष्ट आहे, मी तिला कमी लेखणार नाही. त्या धान्याने अनेक घरं तगली आहेत. पण ५ किलो म्हणजे दिवसाला १६५ ग्रॅमच्या आसपास, साधारण ५७५ कॅलरी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने कष्टाचं काम करणाऱ्या बाईची गरज २,७२० कॅलरी धरली आहे. म्हणजे रेशनने तिचं पोट जेमतेम पाचवा हिस्सा भरतं. बाकीचे चार हिस्से विकत आणायचे. डाळ, तेल, भाजी सगळंच. एका कार्डावर राज्यात कुठेही धान्य उचलता येतं, हेही खरं. पण ऊसतोडीची टोळी उतरते फडाजवळ, दुकान असतं गावात आणि ज्या वेळी ते उघडं असतं त्या वेळी टोळी फडात असते. धान्य आणायला गेलं तरी खाडाच.

मग अंगात रक्त कुठून राहणार? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. रक्त कमी म्हणजे धाप, चक्कर, उचललेली मोळी खाली ठेवणं. मुकादम त्याला 'अंगचोर' म्हणतो. हा शब्द मी इतक्या वेळा ऐकला आहे की आता तो ऐकला की आधी हिमोग्लोबिन करायला सांगतो.

आणि क्षयरोग. इथे मला थोडं थांबू द्या, कारण अन्न हे औषध आहे याचा इतका भक्कम पुरावा दुसरीकडे क्वचितच सापडेल. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झारखंडच्या चार जिल्ह्यांत २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसं घेऊन एक प्रयोग केला. निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णाला दरमहा तांदूळ, तूरडाळ, दूध पावडर आणि तेल असा १० किलोंचा शिधा आणि सोबत जीवनसत्त्वाच्या गोळ्या. काही फार महागडं नव्हतं त्यात. सुरुवातीला पाचातले चार रुग्ण कमी वजनाचे होते. कामावर जाऊ शकतील असे शंभरात तीन. उपचार संपताना शंभरातले सुमारे पंचाहत्तर कामाला लागले होते. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्क्यांनी वाढलं, त्यांचा मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी झाला. ज्या घरांत सगळ्यांनाच शिधा दिला, तिथे नव्याने क्षयरोग होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. तूरडाळीने हे केलं. उद्या एखाद्या नव्या लसीने इतकं केलं असतं, तर आपण पेढे वाटले असते.

सरकार क्षयरुग्णाला आता महिन्याला १,००० रुपये देतं. २०१८ मध्ये ही योजना ५०० रुपयांवर सुरू झाली होती. वाढ झाली, चांगलं झालं. पण तो पैसा रुग्णाच्या एकट्याच्या ताटात जात नाही. घरात चार पोटं असतील तर तो चार ताटांत वाटला जातो आणि कुठल्याही आईने तो तसाच वाटावा. म्हणून शिधा घरासाठी हवा, एका रोग्यासाठी नको.

आमच्या दवाखान्यात आता दोन गोष्टी बदलल्या आहेत. केसपेपरवर बीपीच्या रकान्याच्या वर एक ओळ हाताने आखलेली आहे, 'शेवटचं जेवण कधी?' आणि तिच्याखाली दुसरी, 'या महिन्यात धान्य संपेल अशी धास्ती होती का?' विचारायला अर्धा मिनिट लागतं. सुरुवातीला लोक लाजायचे, "जेवलो की सकाळी" म्हणायचे. आमच्या सिस्टरनी प्रश्न थोडा फिरवला, "सकाळी काय खाल्लंत?" मग खरं उत्तर यायला लागलं. त्या मावशींची ग्लिमेपिराइड मी बंद केली आणि मूत्रपिंडाची तपासणी करून मेटफॉर्मिनवर ठेवलं. एकटी घेतली तर ही गोळी साखर सहसा तशी खाली पाडत नाही. शुगर अजूनही दोनशेच्या आसपास असते. पण त्यानंतर मावशी रानात पडलेल्या नाहीत.

दुसरी गोष्ट वेळेची. गाळप हंगामात आम्ही आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळी सात ते दहा दवाखाना उघडा ठेवतो, कारण त्याच वेळी टोळी कोपीवर असते. औषधं घेऊन आम्ही थेट कोपीवरही जातो. मुकादमांशी बसून बोललो. त्यातले दोघे कबूल झाले की केसपेपर दाखवला तर त्या दिवसाचा दंड लावणार नाही. बाकीचे म्हणाले, कारखान्याने सांगितलं तर बघू. ऊसतोड कामगारांसाठी राज्यात महामंडळ आहे, कारखान्यांत शेतकी अधिकारी आहेत आणि आज या सभागृहात कारखान्यांचे संचालकही बसलेले आहेत. हंगाम सुरू व्हायला अजून सहा आठवडे आहेत. केसपेपर दाखवला तर त्या दिवसाचा दंड नाही, हा एक नियम करारात लिहून द्या, एवढंच मागायला मी आलो आहे.