रात्री २ वाजता: दुर्बीण की मोठा छेद?

"डॉक्टर, दुर्बिणीनेच करा हं, मोठं कापू नका." रात्री २ वाजता कॅज्युअल्टीच्या दारात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्याची वाटच बघतो. पुण्यात आधी हे विचारतात, मग पार्किंगचं.

(हातातली नळी कॅमेऱ्यासमोर धरत) हा ट्रोकार. १० मिलिमीटरचा, साधारण करंगळीएवढा जाड. बेंबीपाशी आत घालायचा आणि यातून कार्बन डायऑक्साइड भरून पोट फुगवायचं. साधी हवा का नाही? हा वायू पेटत नाही, रक्तात विरघळतो आणि श्वासावाटे निघून जातो. थोडा उरतो, तो छातीखालच्या पडद्याला डिवचतो आणि दुसऱ्या दिवशी खांदा दुखतो. "ऑपरेशन पोटाचं, मग खांदा का दुखतोय?" याचं उत्तर हे.

१९८० साली जर्मनीतल्या कील शहरात कुर्ट झेम यांनी दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलं. ते स्त्रीरोगतज्ज्ञ! सर्जन मंडळींनी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं होतं.

इमर्जन्सीत टाके छोटे असतात ते ठीक, पण मला दुर्बीण आवडते ती बघायला मिळतं म्हणून. पंचविशीतली मुलगी, उजवीकडे खाली दुखतंय. अपेंडिक्स, की बीजकोषाला पीळ? सोनोग्राफी दर वेळी ठामपणे सांगत नाही. आत कॅमेरा गेला की दोन्ही समोर दिसतात, आणि उपायही तिथेच, त्याच भोकांतून.

किंवा रिक्षावाले काका. कंबरदुखीसाठी महिनोन्महिने उपाशीपोटी पेनकिलर, आणि एके रात्री अल्सर फुटतो. भोक डाळीच्या दाण्याएवढं, पण पोटभर ॲसिड. आतड्यांवर चरबीची एक झालर लोंबत असते, ती ओढून भोकावर टाक्यांनी बसवायची. मग सलाइनने पोट धुवायचं, पाणी स्वच्छ येईपर्यंत. कंटाळवाणं काम, पण कंटाळा केलात की आत पू साठलाच!

बीपी कोसळलेलं, आत रक्तस्राव चालू? तिथे मी दुर्बिणीच्या भानगडीत पडत नाही. गॅसच्या दाबाने मोठी शीर दबते, हृदयाकडे परतणारं रक्त आणखी घटतं. आतडी टम्म फुगली असतील तर ट्रोकार घालायलाच जागा नसते.

म्हणून संमतीपत्रावर ओळ असते: गरज पडल्यास पोट उघडावं लागेल. मी ती मोठ्याने वाचून दाखवतो. परवा एका आजोबांनी चष्मा वर करून विचारलं, "मग दुर्बिणीचे पैसे वजा होणार का?"

मी बिलिंगच्या खिडकीकडे बोट दाखवलं.