रुपयाचं नाणं

नमस्कार श्रोतेहो. घरात लग्न निघालं की रंगाच्या पाठोपाठ फरशीचा विषय निघतोच. जुनी लादी फोडायची, की तिच्यावरच नवी टाइल चिकटवायची? एकाला धुळीची धास्ती, दुसऱ्याला खर्चाची. मी दोघांनाही एकच सांगतो : आधी खिशातून रुपयाचं नाणं काढा.

नाण्याची ही गोष्ट माझ्या आत्याची. आत्या डोंबिवलीला, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आतेभावाचं लग्न ठरलं तेव्हा हॉलमध्ये जुन्या, फूट बाय फूटच्या सिरॅमिक टाइल होत्या. मिस्त्री म्हणाला, "मावशी, फोडायचं कशाला? वरच्या वर चिकटवून देतो, चार दिवसांत मोकळे." आत्याने रुपयाचं नाणं घेतलं, फतकल मारून बसली आणि एकेक टाइल ठोकत पुढे सरकायला लागली. टक्, टक्, टक्. देव्हाऱ्यासमोर आली आणि आवाज बदलला. ढब्, ढब्. रिकाम्या डब्यासारखा. तिने खडूने फुल्या मारल्या. मोजून अकरा टाइल.

मिस्त्री म्हणाला, "एवढं चालतंय." आतोबा म्हणाले, "त्याला कळतं की तुला?" झालं. फुल्यांसकट सगळं झाकलं गेलं. वर दोन बाय दोनच्या पांढऱ्याशुभ्र टाइल, एकमेकींना खेटून, भिंतीलाही खेटून. मध्ये सांधा म्हणून नाही. सांधे दिसले की फरशी जुनी वाटते, असं सुनेच्या माहेरी कोणीतरी म्हणालं होतं.

ह्या पांढऱ्याशुभ्राचं वेड मला कधी कळलेलं नाही. घर आहे की दवाखाना? आणि ज्यांच्याकडे जुनं मोझॅक अजून शाबूत आहे, त्यांनी कृपा करून नुसतं पॉलिश मारून घ्या. असो.

लग्न पार पडलं. पुढच्या मे महिन्यात, दुपारी दोनची वेळ, आतोबा कोचावर वामकुक्षी करत होते. एकदम धाड्कन आवाज! पाठोपाठ कडकड, कडकड. आत्याला वाटलं सिलिंडर गेला. तिने देव्हाऱ्यातला बाळकृष्ण उचलला आणि थेट जिन्यात. खालच्या मजल्यावर पोचल्यावर तिला आठवलं की आतोबा वरच आहेत.

वर येऊन बघतात तर फरशीचा तंबू झालेला. टाइलच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या, पत्त्यांच्या घरासारख्या, नेमक्या देव्हाऱ्यासमोर. आतोबा कोचावर पाय वर घेऊन बसलेले. आणि गंमत ऐका. नवी टाइल जुनीपासून सुटलीच नव्हती. चिकटवणारा माल उत्तम होता. नवीनं जुनीला घट्ट धरलं, आणि जुनीनं जमीन सोडली! उन्हाळ्यात टाइल केसभर फुगते. तिला सरकायला जागा नसली की ती वर उठते, आणि जिथे खालची पकड पोकळ, तिथेच उठते.

मग सगळं स्लॅबपर्यंत फोडलं. खाली सिमेंट म्हणून जे होतं ते मी हातात घेऊन पाहिलं. कोरडी वाळू, मूठ आवळली तर बोटांतून गळणारी. दहा बाय चौदाच्या हॉलमधून चव्वेचाळीस गोण्या डेब्रिज दोन जिने उतरलं. गोणीमागे पैसे मोजताना आतोबा काही बोलले नाहीत.

तेव्हा, नाणं. एखाद-दुसरी टाइल ढब् वाजली तर तेवढी काढून खड्डा भरून घ्या. पण पट्टेच्या पट्टे पोकळ वाजले, तर फोडा. पुन्हा सांगतो : पोकळ असेल तर फोडा.

टक् वाजली तर वर बसवायला हरकत नाही. जुनी टाइल तेलकटपणा जाईपर्यंत घासून, खरवडून घ्या. साधं सिमेंट तिच्यावर धरत नाही, टाइलचा अॅडेसिव्हच लागतो, आणि पिशवीवर टाइप तीन किंवा त्याच्या वरचा आकडा बघा. सांध्यांत स्पेसर, म्हणजे फट राखणारे छोटे तुकडे घाला, भिंतीजवळ फट सोडा, ती स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीखाली झाकली जाते. वजनाचं म्हणाल तर नवा थर चौरस मीटरला साधारण 25 किलो. धडधाकट स्लॅबला तो जड नाही. मात्र आधीच दोन थर असतील तर तिसरा नको.

जमीन 12 ते 15 मिलिमीटर वर येते, म्हणजे जेमतेम अर्धा इंच. एवढ्यात दरवाजे घासायला लागतात, ते खालून तासावे लागतात. उंबरा असेल तर तो बुडतो. हल्ली उंबरेच कुठे असतात म्हणा! रांगोळी लिफ्टसमोर काढायची वेळ आलीय.

बाथरूमचं वेगळं. खालच्या शेजाऱ्याच्या छताला ओल दिसत असेल तर वर टाइल चिकटवून काही साधत नाही. पाणी टाइलच्या खाली मुरतंय. तिथे फोडायचं, वॉटरप्रूफिंग नव्याने करायचं. आणि ओल नसली, तरी बाथरूमची जमीन अर्धा इंच वर आली की पाणी खोलीत येणार नाही ना, जाळीकडे उतार राहतो ना, हे बादलीभर पाणी ओतून बघायचं.

आत्याचं ते नाणं अजून देव्हाऱ्याच्या खणात आहे. इमारतीत कोणी फरशीचं काम काढलं की आधी येऊन ते घेऊन जातात. फक्त परत आणून द्यावं लागतं, आणि त्या दुपारची गोष्ट पुन्हा एकदा ऐकावी लागते, आतोबांच्या देखत. नमस्कार.