यंदा भेटलेले लेखक आपल्याच पट्ट्यातले

नमस्कार मंडळी. वर्षभरात काय वाचलं त्यावर बोला, असं वाचनालयाच्या मंडळींनी सांगितलं तेव्हा मी आधी यादी काढली. त्यातली निम्मी पुस्तकं आज सांगणार नाही. चांगली होती, पण वाचून झाली आणि संपली. जी डोक्यातून जाईनात, तेवढीच घेऊन आलेय. ती एका जागी मांडल्यावर दिसलं, की यंदा मला नव्याने सापडलेले बहुतेक लेखक आपल्या बेळगावच्या पट्ट्यातले, नाहीतर शेजारच्या जिल्ह्यातले. वर्षअखेरीला पुण्या-मुंबईच्या पुरवण्यांत आवडत्या पुस्तकांच्या याद्या येतात, त्यांत ही नावं मला क्वचित दिसतात. आपली यादी आपणच करायला हवी, आणि ती मराठी-कन्नड दोन्ही भाषांतली हवी, एवढंच मला आज सांगायचंय.

सुरुवात निपाणीच्या महादेव मोरे यांच्यापासून. 2024 मध्ये ते गेले. त्यांच्यावर आलेले लेख वाचले आणि मी त्यांची पुस्तकं शोधायला लागले. ‘झोंबडं’, ‘चिताक’, ‘एकोणिसावी जात’. मिळेल ते, मिळेल तसं वाचलं. हा माणूस निपाणीत पिठाची गिरणी चालवायचा. दळण दळता दळता लिहायचा. टॅक्सी ड्रायव्हर, गॅरेजमधले फिटर, हमाल, तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायका ही त्यांची माणसं. माझी मावशी निपाणीला असायची. संध्याकाळी वखार सुटली, की बायकांचा घोळका तिच्या दारावरून जायचा. तोंडाला बांधलेला पदर सोडत, शिंकत, खोकत. त्या गेल्यावरही गल्लीत तंबाखूचा वास राहायचा. लहानपणी आम्ही नाक मुरडून आत पळायचो. मोरे वाचताना त्या घोळक्यातल्या एकेकीला घर आहे, दारुडा नवरा आहे, मुकादमाची भीती आहे, आणि जिभेला धार आहे, हे कळत जातं. 

1981 मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू पिकवणाऱ्यांनी निपाणीजवळ महामार्गावर ठाण मांडलं होतं, गोळीबार झाला, शेतकरी मेले. तो इतिहास इथल्या जुन्या माणसांना पाठ आहे. पण तंबाखू शेतातून वखारीत गेल्यावर पुढं जी माणसं तिच्यात हात घालतात, त्यांचं रोजचं जगणं मला मोऱ्यांच्या कथांत भेटलं. भाषा तर आपलीच. संवाद मोठ्याने वाचा, आपल्या बाजारातला माणूस बोलतोय असं वाटतं. असा लेखक बसने तासा-दीड तासाच्या अंतरावर राहत होता. सीमाभागातल्या प्रत्येक वाचनालयात त्यांचं एक वेगळं कपाट असावं, असं मला मनापासून वाटतं.

आता दुसरं नाव, बानू मुश्ताक. हासनच्या. वकील, कार्यकर्त्या, कन्नडमध्ये कथा लिहिणाऱ्या. त्यांच्या कथांच्या ‘हार्ट लॅम्प’ या इंग्रजी अनुवादाला 2025 चा आंतरराष्ट्रीय बुकर मिळाला, हे तुम्ही पेपरात वाचलं असेल. कन्नड पुस्तकाला हा मान पहिल्यांदाच मिळाला आणि कथासंग्रहालाही पहिल्यांदाच. अनुवाद दीपा भास्ती यांचा. 1990 ते 2023 या काळात लिहिलेल्या कथांतून त्यांनी 12 निवडल्या.

शीर्षककथा मी आधी इंग्रजीत वाचली, मग कन्नडमध्ये, बोट ठेवून, सावकाश. मेहरून नावाची बाई. नवऱ्याने दुसरीकडे संसार थाटलाय. ती तान्ह्या लेकराला घेऊन माहेरी येते. भाऊ तिचं ऐकून घेतात आणि तिला परत सासरी नेऊन सोडतात. घराण्याची अब्रू महत्त्वाची. रात्री ती अंगावर रॉकेल ओतून घेते. तिची थोरली लेक धावत येते, तान्हं तिच्यापुढे ठेवते आणि आईला मिठी मारते. कथा एवढीच. पण ‘दिल्या घरी सुखी राहा’ म्हणत लेकीला वाटेला लावणारे भाऊ कुठल्या जातीत, कुठल्या धर्मात नाहीत? मी ही कथा आमच्या शेजारच्या काकूंना मराठीत सांगितली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘माझ्या थोरल्या बहिणीचं असंच झालं की गं.’

दीपा भास्तींची एक गोष्ट मला फार पटली. मूळ बोलण्यातले कन्नड, उर्दू, अरबी शब्द त्यांनी पुष्कळ ठिकाणी तसेच ठेवलेत, तळटिपा न देता. खडेबाजारात उभं राहून कुणाचंही बोलणं ऐका. मराठी, कन्नड, दखनी एका वाक्यात नांदत असतात आणि कुणाचं काही अडत नाही. आपल्याकडच्या वाचकाला हे पुस्तक परकं वाटायचं काही कारणच नाही.

इथं एक बोलून टाकते, कारण तुमच्या मनात ते आलं असणार. बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधात 1 नोव्हेंबरला काळा दिवस पाळतात, तो पाळणाऱ्या घरातली मी आहे. मराठी शाळा टिकाव्यात, कागदपत्रं मराठीतून मिळावीत, हा आपला हक्क आहे आणि त्यात मी तसूभर मागे हटणार नाही. पण शाळेत शिकलेलं कन्नड हाताशी असताना त्या भाषेतलं उत्तम वाङ्मय न वाचणं, यात नुकसान फक्त आपलं आहे. बेंद्र्यांच्या घरात मराठी होती. धारवाडला बसून ते कन्नडचे महाकवी झाले. त्याच धारवाडात जी. ए. कुलकर्णी इंग्रजी शिकवत होते आणि मराठी कथा लिहीत होते. या मातीत हे आधीपासून चालत आलंय.

2025 च्या सप्टेंबरमध्ये कन्नड कादंबरीकार एस. एल. भैरप्पा गेले. त्या निमित्ताने ‘पर्व’ पुन्हा काढलं. चमत्कार बाजूला ठेवून माणसांचं महाभारत सांगणारी ती कादंबरी मराठीत आणली उमा कुलकर्णींनी. उमाताई मूळच्या बेळगावच्या. त्यांच्या कामाची पद्धत ऐकण्यासारखी आहे. पती विरूपाक्ष कन्नड मजकूर वाचून टेपवर ध्वनिमुद्रित करून ठेवायचे, आणि उमाताई तो ऐकत ऐकत मराठीत लिहायच्या. ‘वंशवृक्ष’च्या अनुवादाला त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ‘पर्व’मधली वाक्यं कानाला इतकी सरळ का लागतात, ते मला यंदा कळलं. ती आधी कानावाटे आलेली आहेत.

कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’बद्दल थोडक्यात. पन्हाळ्याकडचे लेखक, 2023 चा अकादमी पुरस्कार. धरणामुळे उठलेलं गाव आणि मागे जंगलात राहिलेली म्हैस. हिडकल धरणाचं पाणी उतरलं की हुन्नूरचं विठ्ठल मंदिर वर येतं, तेव्हा आपण फोटो काढायला जातो. ‘रिंगाण’ वाचून जा. तिथून उठून गेलेल्या माणसांची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही.

आणि आता माझं सगळ्यात लाडकं, दरवर्षी नव्याने वाचते ते. प्रकाश नारायण संतांचा लंपन. इंदिराबाई संतांचे हे चिरंजीव. ‘वनवास’ 1994 मध्ये आलं, मग ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’. 2003 मध्ये संत गेले. चारच पुस्तकं, पण आजी-आजोबांकडे राहणारा तो मुलगा, ती सुमी, तो कणबर्गी गंग्या यांच्यामुळे मराठी कथेत आपल्या गावाची हवा कायमची आली. लंपनचं ‘मॅडसारखं’ हे बोलणं पुण्याच्या वाचकाला गंमत म्हणून आवडतं. आपल्याला ते आपल्या घरातलं पोर बोलल्यासारखं ऐकू येतं. मी खानापूर तालुक्यात शिकवते. यंदा सातवीच्या वर्गात रोज शेवटच्या तासाला ‘वनवास’मधली दोन-दोन पानं वाचली. एका मुलाने विचारलं, ‘बाई, आमच्यासारखं बोललेलं पुस्तकात छापतात व्हय?’ छापतात, म्हटलं, आणि सगळा महाराष्ट्र ते वाचतो. त्याने पुस्तक घरी नेलं, अजून आणून दिलेलं नाही. मी मागणारही नाही.

पुढच्या वर्षासाठी चंद्रशेखर कंबार ठेवलेत. ज्ञानपीठ मिळालेला हा लेखक हुक्केरी तालुक्यातल्या घोडगेरीचा, म्हणजे पुन्हा आपल्याच जिल्ह्याचा. त्यांची ‘करिमायी’ कन्नडमधूनच वाचायला घेतलीय. त्यात बोलीचे शब्द अडतात, तेव्हा घरी दूध घालायला येणाऱ्या मामांना विचारते. ते अर्थ सांगतात, वर एखादी म्हणही सांगतात. कुणाला बरोबर वाचायचं असेल तर रविवारी दुपारी इथंच बसू. कन्नड अडखळत येत असलं तरी चालेल. आज सांगितलेल्यातली जी पुस्तकं वाचनालयात आहेत, ती ग्रंथपालांनी त्या टेबलावर काढून ठेवलीत. मोऱ्यांची एकच प्रत आहे, तेव्हा ज्याला हवी त्याने आत्ताच नाव लिहून ठेवावं.